रक्ताची उलटी आणि रुग्णाची शुश्रूषा

सोलापूरकरांना डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांची ओळख करून देण्याचे कारण नाही. या गावात १९१० साली जन्मलेला हा तरुण १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि युद्धातील जखमींची सेवा करता करता १९४२ साली तिथेच वारला. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्याच्यावर चित्रपट काढला आणि त्याचे नाव घरोघर पोचले. पण कोटणीसांच्या पत्नी कुओ छिंगलान या कोण होत्या, असा प्रश्न केला तर आपल्यापैकी बरेच जण गप्प बसतील. त्या परिचर्या शिकविणाऱ्या शिक्षिका होत्या. डॉक्टरचे नाव राहावे आणि परिचारिकेचे मागे पडावे, ही जगाची रीतच आहे. तिच्याबद्दल तक्रार करण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु काही दुखणी अशी आहेत की, त्यांत ही रीत पाळली तर रुग्णाच्या जिवावर बेतते. अशाच एका दुखण्याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आम्ही योजले आहे.

ते दुखणे म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या शिरा फुगणे आणि एखाद्या दिवशी त्या फुटून रक्ताची उलटी होणे. डॉक्टर या शिरांना ‘व्हेरिसेस’ म्हणतात. चांगला चालता-बोलता माणूस जेवून उठतो, त्याला मळमळते, आणि तो मोरीत जाऊन तांब्याभर रक्त ओकतो. घरात एकच हलकल्लोळ उडतो. आज दुर्बिणीतून ही शीर बांधता येते, आणि कुशल डॉक्टरला त्या कामाला पुष्कळदा अर्धा तासही लागत नाही. पण त्या अर्ध्या तासापर्यंत रुग्ण जिवंत पोचला पाहिजे, आणि त्यानंतरचे पाच दिवस, पंधरा दिवस व पुढची कित्येक वर्षे त्याला कोणीतरी सांभाळले पाहिजे. हे सांभाळणे म्हणजेच शुश्रूषा. ती काही वेळ परिचारिका करते आणि पुष्कळ वेळ घरची माणसे करतात. म्हणून हा विषय केवळ दवाखान्याचा नाही, तो तुमचा-आमचा सर्वांचा आहे.

शिरा फुगतात कशा, हे समजून घेण्यासाठी सोलापूरकरांना लांब जावे लागत नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वी भीमा मोकळी वाहत होती. भिंत उभी राहिली तेव्हा पाणी मागे हटले, चढले, आणि भीमेला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांतून उलटे आत शिरले. जिथे कधी गुडघाभरही पाणी नसे, तिथे नावा चालू लागल्या. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. ओढ्यांचा यात काहीच दोष नव्हता. अडथळा खाली होता आणि फुगवटा वर आला.

आपल्या पोटातही अशीच एक भीमा आहे. जठर, आतडी आणि पाणथरी यांतून निघालेले रक्त एका मोठ्या शिरेत गोळा होते आणि यकृतात जाते. या शिरेला वैद्यकात ‘पोर्टल व्हेन’ म्हणतात; आपण तिला प्रवेशिका म्हणू. यकृताला जेवढे रक्त मिळते त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश या एका वाटेने येते. यकृत निरोगी असले म्हणजे ते स्पंजासारखे मऊ असते आणि रक्त त्यातून सहज पाझरून पुढे जाते. परंतु वर्षानुवर्षांच्या इजेमुळे यकृतात वण पडत गेले, ते घट्ट व गाठीगाठींचे झाले, म्हणजे तेच धरणाच्या भिंतीसारखे आडवे येते. यालाच यकृताचा सिरॉसिस म्हणतात. मग रक्त मागे तुंबते. प्रवेशिकेतील दाब यकृतापलीकडच्या शिरेतील दाबापेक्षा एरवी फार तर ५ मिलिमीटर पाऱ्याने अधिक असतो. हा फरक १० वर गेला की शिरा फुगू लागतात आणि १२ च्या वर त्या फुटण्याचा धोका उभा राहतो. तुंबलेले रक्त आडवाटा शोधते. त्यांतली एक आडवाट अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी आहे. तिथल्या शिरा बारीक, पातळ आणि अगदी पृष्ठभागालगत असतात. एवढा लोंढा वाहण्यासाठी त्या घडविलेल्याच नाहीत. त्या फुगतात, नागमोडी होतात, आणि एके दिवशी फुटतात.

आता हा अडथळा का येतो, हे सांगितले पाहिजे. कारण याच ठिकाणी समाजाकडून रुग्णावर मोठा अन्याय होतो. रक्ताची उलटी झालेला माणूस दवाखान्यात आणला की, शेजारीपाजारी आणि नातेवाईक यांच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, “पीत होता का?” दारू हे या रोगाचे एक मोठे कारण आहे, यात शंका नाही. हातभट्टीने आपल्या जिल्ह्यात किती घरे बसली, हे सांगावयास नको. सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ साली ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले आणि हातभट्टीवर पोट भरणाऱ्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याला लावण्याचा प्रयत्न केला, यावरूनही या प्रश्नाची खोली लक्षात येते. परंतु दारू हे एकमेव कारण नव्हे. ‘ब’ आणि ‘क’ जातीच्या काविळीचे विषाणू वर्षानुवर्षे मुकाट्याने यकृत पोखरतात. मधुमेह व स्थूलपणा यांच्या जोडीने यकृतात चरबी साठते आणि आयुष्यात थेंबही न घेतलेल्या गृहिणीचे यकृत घट्ट होते. कधी यकृत जवळजवळ चांगले असते, पण त्यातल्या प्रवेशिकेच्या बारीक फांद्याच जाड होऊन अरुंद होतात. हा प्रकार आपल्या देशात विशेष आढळतो. आणि सर्वांत करुण प्रकार मुलांचा. जन्मानंतर नाळेच्या जागी जंतू शिरल्यामुळे, आणि पुष्कळदा कोणतेही कारण न सापडता, प्रवेशिकेत गुठळी होते व ती शीर बंद पडते. मूल खेळते, बागडते. फक्त पोटात डाव्या बाजूला पाणथरी वाढलेली असते, आणि सहा-आठ वर्षांचे असताना ते एकाएकी रक्त ओकते. त्या मुलाला कोण विचारणार, की तू पीत होतास का?

म्हणून शुश्रूषेचा पहिला धडा औषधाचा नाही, जिभेचा आहे. कारण शोधणे हे डॉक्टरचे काम आहे आणि तो ते करीलच. जो पीत होता, त्यालाही त्या घटकेला उपदेश नको असतो, आधार हवा असतो. आम्ही वॉर्डात असे पाहिले आहे की, लाजेपोटी काळ्या शौचाची गोष्ट आठ-आठ दिवस घरात लपवून ठेवली जाते, कारण “लोक काय म्हणतील?” शिरेतून रक्त थोडेथोडे झिरपत असेल तर ते आतड्यात उतरते आणि शौचास डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीचे होते. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण ते असे चिकट आणि घाण वासाचे नसते. ही खूण ज्याने वेळेवर सांगितली, तो उलटीच्या आधीच दवाखान्यात पोचतो.

उलटी झालीच, तर घरात काय करावे? रुग्णाला उताणे निजवू नये. डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंड खाली कलते ठेवावे, म्हणजे रक्त श्वासनलिकेत जाणार नाही. या दुखण्यात माणूस रक्त गेल्यामुळे दगावतो तसाच तो रक्त छातीत गेल्यामुळेही दगावतो. तोंडाने काहीही देऊ नये. लिंबूपाणी नको, बर्फ नको, हळदीचे दूध नको, मिठाचे पाणी तर मुळीच नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ सालापासून महाराष्ट्रात धावते आहे, तिला ताबडतोब बोलवावे. वाटेत या दवाखान्यातून त्या दवाखान्यात असे हिंडण्यात वेळ दवडू नये; जिथे रक्त मिळते आणि दुर्बिणीची सोय आहे, अशाच ठिकाणी थेट जावे. बरोबर तीन गोष्टी घ्याव्यात: जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटे, आणि रक्त देऊ शकतील अशी दोन धडधाकट माणसे. किती वाजता, किती वेळा आणि अंदाजे किती रक्त पडले, हे सांगणारा एकच माणूस नेमावा. चौघांनी चार तऱ्हा सांगितल्या म्हणजे वेळ जातो, आणि वेळ म्हणजे रक्त.

रुग्ण रुग्णालयात पोचला की परिचारिकेचे काम सुरू होते. आमच्या गावचे सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वसाधारण रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. हे महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले. तेव्हापासून सोलापूर, उस्मानाबाद (म्हणजे आजचे धाराशिव) आणि कर्नाटकाची सीमा या टापूतली गोरगरीब माणसे तिथे येतात. असे रुग्णालय कोणतेही असो, पहिल्या तासातली कामे ठरलेली असतात. रुग्णाचा श्वास मोकळा ठेवणे, तोंडातले रक्त यंत्राने ओढून घेणे, प्राणवायू लावणे. दोन्ही हातांच्या शिरांत रुंद सुया बसविणे, कारण बारीक सुईतून रक्त वेगाने जात नाही. रक्तगट जुळविण्यासाठी नमुना पाठविणे. आणि नाडी, रक्तदाब व श्वास यांची नोंद दर पंधरा मिनिटांनी ठेवणे. रक्तदाब उशिरा उतरतो, नाडी आधी धावू लागते. म्हणून परिचारिकेची बोटे मनगटावर असली पाहिजेत. यातही एक फसवी गोष्ट आहे. जो रुग्ण आधीपासून प्रोप्रानोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी घेत असेल, त्याची नाडी रक्त गेले तरी फारशी धावत नाही. गोळ्यांचे पाकीट बरोबर आणा असे आम्ही म्हटले, ते यासाठीच.

इथे नातेवाइकांना एक गोष्ट कळत नाही, आणि त्यावरून पुष्कळदा वॉर्डात वाद होतात. “एवढे रक्त गेले, मग चार बाटल्या एकदम का चढवीत नाही?” असे ते विचारतात. उत्तर उजनीत आहे. धरण तुडुंब असताना वरून आणखी पाणी सोडले, तर फुटलेला बांध अधिक फुटेल. रक्त फार भरले की प्रवेशिकेतला दाब वाढतो आणि थांबत आलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. बार्सिलोना येथे ९२१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांत, ९ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा अधिक जण वाचले, असे त्यात दिसून आले. म्हणून हिमोग्लोबिन ७ ते ८ ग्रॅमच्या आसपास ठेवावे, असा आज सर्वसाधारण संकेत आहे. रक्त हातात असूनही ते तोलूनमापून देणे याला धैर्य लागते, आणि त्या धैर्यामागे परिचारिकेने लिहिलेला तक्ता उभा असतो. तो तक्ता चुकला, तर डॉक्टरचा निर्णयही चुकतो.

याच वेळी शिरेतून टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड ही औषधे सुरू करतात. प्रवेशिकेकडे येणारा लोंढाच ती कमी करतात, म्हणून दुर्बिणीची वाट न पाहता ती आधी द्यावयाची असतात आणि पुढे दोन ते पाच दिवस चालू ठेवावयाची असतात. टर्लिप्रेसिन रक्तवाहिन्या आवळते. त्यामुळे ते चालू असताना बोटे पांढरी वा निळी पडतात का, छातीत दुखते का, श्वास लागतो का, हे पाहत राहावे लागते. सिरॉसिसच्या रुग्णाला जंतुनाशकही पहिल्याच दिवशी द्यावे लागते. रक्त वाहत असताना आतड्यातले जंतू अंगात पसरतात आणि त्यांच्यामुळे माणूस दगावतो, हे ध्यानी आल्यापासून या एका इंजेक्शनाने पुष्कळ जीव वाचले आहेत. डॉक्टर औषध लिहितो. ते एक वाजता लिहिलेले औषध सव्वा वाजता शिरेत गेले की सहा वाजता, हे परिचारिकेवर अवलंबून असते.

रुग्ण थोडा सावरला की, सामान्यतः बारा तासांच्या आत दुर्बीण घालतात. फुगलेली शीर नळीच्या टोकात ओढून तिच्या बुडाशी रबराची लहान कडी चढवितात. लोकांत याला ‘बँडिंग’ म्हणतात. ही युक्ती १९८० नंतरच्या दशकातली. त्यापूर्वी शिरेत औषध टोचून ती सुकवीत. तो प्रयोग स्वीडनमध्ये १९३९ साली प्रथम झाला. आणि काहीच हाताशी नसले तर फुग्याची नळी. न्यूयॉर्कच्या सेंगस्टॅकन आणि ब्लेकमोर या डॉक्टरांनी १९५० साली ती पुढे आणली. नळी जठरात उतरवून तिच्या टोकाचा फुगा हवेने भरतात आणि हलक्या ताणाने वर ओढून धरतात. फुगलेल्या शिरांवर दाब येतो आणि रक्त थांबते. आजही दुर्बिणीने काम भागले नाही तर पुढचा उपाय होईतो काही तास ही नळी उपयोगी पडते. ती एका दिवसाहून अधिक ठेवीत नाहीत, कारण दाबाने आतली त्वचाच मरते. ही नळी असलेल्या खाटेच्या उशाशी एक कात्री टांगलेली असते. नातेवाइकांना तिचे नवल वाटते. फुगा घसरून वर आला तर तो श्वासनलिका दाबतो आणि माणूस क्षणात गुदमरतो. तेव्हा डॉक्टरला हाक मारीत न बसता परिचारिकेने ती कात्री घेऊन नळी कापावयाची, हवा सोडावयाची आणि नळी ओढून काढावयाची असते. एवढा अधिकार आणि एवढी जबाबदारी त्या एका कात्रीत आहे. रात्री तीन वाजता ती जागेवर आहे की नाही हे पाहणारे डोळे जागे असतील, तरच तिचा उपयोग.

रक्त थांबले म्हणजे संकट संपले असे नव्हे. आतड्यात उतरलेले रक्त कुजते, त्यातून अमोनियासारखी विषारी द्रव्ये तयार होतात, आणि दुबळे यकृत ती गाळू शकत नाही. ती मेंदूवर चढतात. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री बडबडतो, हात पुढे धरावयास सांगितले तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात. ही गोष्ट पहिल्याने परिचारिकेला उमगावी लागते, आणि सोलापुरात त्यात एक गंमतीची अडचण आहे. आमचे गाव मराठी बोलते, तेलुगू बोलते, कन्नड बोलते, उर्दूही बोलते. पूर्वभागातल्या एखाद्या विडी वळणाऱ्या आजीबाईंना मराठीत “आज कोणता वार?” असे विचारले आणि त्या गप्प राहिल्या, तर ती भूल नव्हे, प्रश्नच कळलेला नसतो. उलट भूल पडत चाललेली असताना “अम्मा थकली आहे” म्हणून आपण सोडून दिले, तर घात होतो. म्हणून रुग्णाला त्याच्या भाषेत विचारावे, घरचे एक माणूस जवळ ठेवावे, आणि रोज एकच साधी गोष्ट करून घ्यावी: कोणाकडून सही, कोणाकडून वीसपासून उलटे आकडे, कोणाकडून नातवंडांची नावे. काल जमले आणि आज जमले नाही, एवढे पुरे. डॉक्टरला ताबडतोब सांगावे.

यावर लॅक्ट्युलोज नावाचे गोड औषध देतात. त्याने दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हावेत, एवढाच हेतू असतो. घरी गेल्यावर “जुलाब लागले” म्हणून हे औषध बंद केले जाते आणि चौथ्या दिवशी रुग्ण बेशुद्ध होऊन परत येतो. शौच मोजणे हे काम हलके नाही. दोनपेक्षा कमी झाले तर औषध वाढवावे, तीनपेक्षा फार जास्त झाले तर कमी करावे, कारण अंगातले पाणी गेले तरीही भूल येते. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र आपल्या मनाने कधीही देऊ नये. आणि जो रोज दारू पीत होता, तो दवाखान्यात आल्यावर दारू एकाएकी सुटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला थरथर सुटते, भास होतात. तो शिव्या देतो, सुया उपटतो. हा दुखण्याचा भाग आहे, स्वभावाचा नव्हे. किती व केव्हा पीत होता, हे घरच्यांनी पहिल्या दिवशी खरे सांगितले, तर डॉक्टर आधीच तजवीज करतात.

आता घरची गोष्ट. बांधलेली शीर काही दिवसांत गळून पडते आणि त्या जागी लहान जखम राहते. ती जखम साधारण पहिल्या दोन आठवड्यांत केव्हाही रक्त सोडू शकते. रुग्ण मात्र चार-पाच दिवसांत घरी गेलेला असतो. म्हणजे दुसऱ्या धोक्याचा काळ हा घरातला काळ आहे. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी यांची कीर्ती आम्ही सांगावी असे नाही; पण या पंधरवड्यात कडक भाकरी वर्ज्य. पहिल्या दिवशी गार पातळ पदार्थ, मग दुधात वा वरणात कुस्करलेली ताजी मऊ भाकरी, मऊ भात, मुगाचे वरण, अंडे. तिखटाने शीर फुटते असे नाही, पण ते जखमेवर झोंबते. पोटात पाणी झालेल्याने मीठ कमी करावे. चटणी, लोणचे आणि पापड यांत ते दडून बसलेले असते.

अन्नाविषयी आणखी एक जुना गैरसमज सोडला पाहिजे. यकृताच्या रोग्याला डाळ, दूध, अंडे बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. त्याने यकृत सुधारत नाही, फक्त दंड आणि मांड्या वाळतात. स्नायू वाळले की भूल अधिक येते. अशा रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आज मानले जाते. त्याने फार वेळ उपाशी राहू नये. निजण्यापूर्वी काही तरी खावे. आमच्या जिल्ह्यात पंढरपूर आहे आणि एकादशीचा उपवास मोडा म्हणणे कोणाही परिचारिकेच्या जिवावर येते. पण दूध, राजगिरा, फळे थोडी थोडी वेळोवेळी घेऊनही एकादशी पाळता येते, एवढे सांगावयास हरकत नाही.

गोळ्यांविषयी तीन सूचना. पहिली, प्रोप्रानोलॉल वा कार्व्हेडिलॉल ही गोळी रक्तदाबासाठी दिलेली नसून प्रवेशिकेतला दाब उतरविण्यासाठी दिलेली असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती सोडू नये, आणि चक्कर येऊ लागली किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना विचारावे. दुसरी, कंबर दुखते, डोके दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी घेऊ नये. मागावर किंवा विडीच्या सुपापुढे दिवस दिवस बसणाऱ्यांच्या घरात अशा गोळ्या साखरेसारख्या खपतात. यातल्या बऱ्याच गोळ्या जठराला जखम करतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. तिसरी, काविळीवरचे झाडपाल्याचे औषध, नाकात किंवा डोळ्यांत घालावयाचे थेंब, यांच्या नादी लागू नये.

दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण करून उरलेल्या शिरा बांधाव्या लागतात. त्या नाहीशा होईपर्यंत हे करावे लागते. इथेच बहुसंख्य रुग्ण गळतात. रक्त थांबलेले असते, मजुरी बुडालेली असते, पैसा संपलेला असतो. पण एकदा फुटलेली शीर नुसती सोडून दिली तर एक-दोन वर्षांत सुमारे साठ टक्के लोकांना पुन्हा रक्तस्राव होतो. आणि प्रत्येक रक्तस्रावानंतरच्या सहा आठवड्यांत सर्व उपचार करूनही सुमारे सहांपैकी एक माणूस दगावतो. हे आकडे घाबरविण्यासाठी नव्हेत, पुढची तारीख चुकू नये यासाठी आम्ही सांगत आहोत. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २०१८ साली सुरू झाला आहे. त्यात ‘ब’ आणि ‘क’ काविळीची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. ‘क’ कावीळ तर आता बहुतेकांच्या बाबतीत तीन महिन्यांच्या गोळ्यांनी समूळ बरी होते. घरातल्या एकाला ‘ब’ निघाली तर इतरांनी तपासून घ्यावे आणि लस टोचून घ्यावी. धरणाची भिंत मुळात उभीच राहू नये, याहून मोठी शुश्रूषा कोणती?

शेवटी एक विनंती. आपल्या गावच्या रुग्णालयांत एकेका परिचारिकेच्या अंगावर इतक्या खाटा असतात की, आम्ही सांगितलेले पंधरा मिनिटांचे नाडी पाहणे तिला दर वेळी साधेलच असे नाही. तेव्हा तिच्यावर ओरडून तिचे हात वाढत नाहीत. खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकाने मात्र तिचे डोळे वाढवावेत. शौचाचा रंग काय, लघवी किती झाली, बोलणे कालच्यासारखे आहे का, कपाळाला गार घाम आहे का, एवढ्या चार गोष्टी पाहून तिला सांगणारे माणूस उशाशी असेल, तर तेही परिचर्येचेच काम करते. परिचारिकांची संख्या वाढावी यासाठी नागरिकांनी मागणी केली पाहिजे, आणि ती वाढेपर्यंत असे हातभार लावले पाहिजेत. ज्या गावाने एक डॉक्टर परदेशी पाठविला आणि त्याचे नाव मनात जपून ठेवले, त्या गावाला हे जड वाटू नये.